एकट्यानं फिल्म करणाऱ्यानं कॅमेरा कुठला घ्यावा? (शोरीलची लिंक दिलीय, खरं काय ते सांगा)

मागाखालचा

नमस्कार मंडळी. मी बेळगावातल्या वडगावचा. घरी चार यंत्रमाग होते, आता दोन उरलेत, म्हणून आयडी असा. सहा वर्षं लग्नांत दुसरा कॅमेरा धरतोय. लग्नं सोडणार नाही, पोट त्यावर आहे. खरं त्याच्या जोडीला छोट्या माहितीपटासारख्या फिल्म करून द्यायच्या मनात आहे. सोसायट्या, छोटे कारखाने, शाळा, शेतकरी गट अशांसाठी. तीन ते पाच मिनिटांच्या. कॅमेरा मी, आवाज मी, एडिट मी, चहा आणणाराही मीच.

जमवलेले दीड लाख आहेत. त्यातली निम्मी आईची भिशी, तेव्हा एकदाच खर्च होणार. सध्या जुना फुल एचडी डीएसएलआर, किट लेन्स आणि मान हलणारा ट्रायपॉड. डोक्यात तीन नावं आहेत:

सोनी झेडव्ही-ई१० आणि एक बरी लेन्स. वापरलेला पॅनासोनिक जीएच५. वापरलेला ब्लॅकमॅजिक पॉकेट ४के.

आता दुसरं दुखणं. शोरील, म्हणजे आपल्या कामाचे निवडक तुकडे, केली, ४ मिनिटं १० सेकंदांची. पुण्यातल्या एका ऑफिसला पाठवली. त्यांनी फोनवर एवढंच विचारलं, "छान आहे, पण तुम्ही नक्की काय करता?" दोन दिवस हे वाक्य डोक्यातून गेलं नाही. कॅमेरा भारी असता तर विचारलं नसतं असं वाटतं. लिंक खाली देतोय. शिव्या चालतील.

कुंदाप्रेमी

सुरुवातीचा लोगो फिरून थांबेपर्यंत माझा चहा निवला. बाकी नंतर बघतो.

चिकोडी_एक्सप्रेस

डोळे झाकून पॉकेट ४के. ब्लॅकमॅजिक रॉ, म्हणजे जवळजवळ कच्ची फाईल, रंगाला हात घालायला रान मोकळं. बाकीचे दोन व्लॉगवाल्यांचे. एकदा रॉ बघितलास की मागं फिरणार नाहीस मर्दा.

रीळमास्तर

चिकोडीकर, मागं तो फिरणार नाही, बॅटरी फिरेल. त्या कॅमेऱ्याला कॅननची एलपी-ई६ लागते आणि ती तासभरही पुरत नाही. चालत्या माणसावर आपोआप फोकस धरून ठेवायची सोय नाही. रॉ फाईल ८:१ इतकी दाबून घेतली तरी मिनिटाला साधारण ३ जीबी जातात. म्हणजे एसएसडी, ती अडकवायला पिंजरा, बाहेरची बॅटरी. फोकस ओढायला हाताखाली पोरगा असेल तर तो कॅमेरा उत्तम, मी त्यावर काम केलंय. इथं मुलाखत घेणारा, हेडफोन लावणारा आणि फोकस बघणारा एकच माणूस आहे.

मागाखालचा, तुझी रील पूर्ण बघितली. दोनदा. मी निपाणीत रोलच्या काळापासून लग्नं केली आहेत, ३६ फोटोंत अख्खं लग्न बसवायचो, तेव्हा जरा रोखठोक लिहितो.

०:०० ते ०:१२ लोगो. काढ. तुझं नाव दोन सेकंदांत वाचून होतं.
०:१२ ते ०:५० राजहंसगड, गोकाकचा धबधबा, ढग. हे दर पावसाळ्यात प्रत्येकाच्या फोनमध्ये असतं.
०:५० ते २:४० प्री-वेडिंग. नवरा स्लो मोशनमध्ये गॉगल काढतो. तीन वेगळे नवरे, तिन्ही गॉगल.
२:४० ते ३:०५ शिवजयंतीचे चित्ररथ. गर्दीत शिरून घेतलंस, इथं पहिल्यांदा वाटलं की पोराला डोळा आहे.
३:०५ ते ३:२५ मागावर बसलेली बाई. तुटलेला धागा जिभेवर ओला करून जोडते. वीस सेकंद. बाकी सगळं विसरलो, हे विसरलो नाही.
पुढं परत ढग.

आता सांग, पुण्यातल्या माणसानं काय चुकीचं विचारलं? त्याला लग्नवाला दिसला, डोंगरवाला दिसला, मिरवणूकवाला दिसला. तू दिसलास ३:०५ ला. तोवर कोण थांबतंय.

कॅमेऱ्याचं मग बोलू. आधी ती बाई पुढं आण.

मागाखालचा

मास्तर, लागलं. खरं बरोबर आहे. ती आमची शेजारची आक्का. तो शॉट जुन्या डीएसएलआरवरच घेतलाय, त्यात काळ्या पट्ट्या खालून वर सरकतात म्हणून शेवटाला ढकलला होता. कॅमेरा म्हातारा झालाय, सेन्सर गेला असावा.

शहापूरची

सेन्सर गेलेला नाही. ट्यूबलाईट आहे ती. सेकंदाला ३० फ्रेमवर शूट केलंय ना? शटर १/६० सेकंद?

मागाखालचा

होय. यूट्यूबवर सगळे तेच सांगतात.

शहापूरची

सांगणारे अमेरिकेतले. तिकडं घरातली वीज ६० हर्ट्झ, आपल्याकडं ५०. आपली ट्यूब सेकंदाला १०० वेळा उजळते-मंदावते. शटर १/५० ठेवलंस तर प्रत्येक फ्रेमला बरोब्बर दोन उजाळे मिळतात, सगळ्या फ्रेम सारख्या. १/६० ला एक पूर्ण आणि दुसरा अर्धवट, म्हणून पट्ट्या. तेव्हा २५ फ्रेम आणि १/५०, फार उजेड असेल तर १/१००. मेनूत पाल-एनटीएससी (२५ आणि ३० फ्रेमच्या दोन पद्धती) असेल तिथं पाल कर. काही कॅमेरे त्यासाठी कार्ड फॉरमॅट करायला सांगतात, आधी रिकामं कर. स्वस्त एलईडी दिवे यालाही जुमानत नाहीत, तिथं खिडकी शोधायची.

आणि झेडव्ही-ई१० घेणार असलास तर २५ चा अजून एक फायदा. ४के मध्ये ३० फ्रेमला तो चित्र कापतो, साधारण १.२३ पट झूम केल्यासारखं. २५ ला सेन्सरची पूर्ण रुंदी मिळते. मागाच्या दोन ओळींमधल्या बोळात उभं राहून शूट करताना तेवढी रुंदी लागते.

मी शहापूरचीच, आता पुण्यात एडिटिंग करते. रील बघण्याचं काम माझ्याकडंही येतं. दिवसाला वीस-पंचवीस लिंका, दुपारी जेवता जेवता. पहिल्या दहा सेकंदांत माणूस, हात, काम, काहीतरी घट्ट दिसलं नाही की पुढची. ढगांवर कोणाचा राग नाही, खरं ढगांवरून कोणाला काम द्यायचं ते कळत नाही.

कुंदाप्रेमी

चार वर्षं पुण्यात राहून "पण" ऐवजी "खरं" म्हणणं सुटलं नाही बघा ताईंचं. :)

शहापूरची

सुटणार पण नाही. त्यावरून आठवलं. मागं एक मुलाखत एडिटला आली होती, आपल्याच भागातल्या आजींची. "मी पहाटे उठतो, कांडी भरतो, मग चहा घेतो." सोबत निरोप: "आजी चुकीचं बोलल्यात, 'उठते-भरते' असं परत डब करून घेता येईल का?" त्यांना समजावलं की आमच्याकडं बायका असंच बोलतात, आजी चुकलेल्या नाहीत. ठेवलं तसंच. मागाखालचा, तुझ्या रीलमध्ये एक वाक्य तरी असं बोलतं ठेव. संपूर्ण रीलभर एकही माणूस तोंड उघडत नाही, नुसते ढोल. मुलाखत घेता येते हे बघणाऱ्याला कळायचं कसं?

जांबोटीकर

वाचतोय. ड्रोनचा विषय निघण्याआधी सांगून ठेवतो. गडाचे शॉट ड्रोनचे दिसतात. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणं विमानतळाच्या हद्दीपासून १२ किलोमीटरपर्यंत परवानगीची भानगड असते, आणि आपला सांबरा विमानतळ धरला तर शहराचा बराच भाग त्यात येतो. वर कॅम्पात लष्कर. २५० ग्रॅमचं खेळणं असलं तरी उडवण्याआधी ड्रोन कुठं चालतो त्याचा सरकारी नकाशा बघ. कामासाठी पैसे घेणार म्हटल्यावर "हौसेनं उडवलं" हे चालत नाही.

चिकोडी_एक्सप्रेस

बरं, पॉकेट सोडा. मग जीएच५? १०-बिट, ४:२:२ म्हणजे रंगाची जास्त माहिती, अंगातच स्टॅबिलायझेशन, रेकॉर्डिंगला वेळेची मर्यादा नाही. २०१७ चा असला तरी आजही चालतो. झेडव्ही-ई१० आठ बिटांचा, स्टॅबिलायझेशन नुसतं डिजिटल, त्यात चित्र अजून कापलं जातं. डावी-उजवीकडं झटकन फिरवला की खांब वाकडे होतात. हे का नाही सांगत कोणी?

रीळमास्तर

हे सगळं खरं आहे, आणि ट्रायपॉडवर ठेवून मुलाखत घ्यायची असती तर मीही जीएच५ म्हटलं असतं. त्याचा व्हिडिओतला ऑटोफोकस मागं-पुढं हुंदडतो. एकटा माणूस समोरच्याच्या डोळ्यात बघून प्रश्न विचारत असतो, तेव्हा पडद्याकडं बघायला तिसरा डोळा नसतो. सोनी चेहरा धरला की सोडत नाही. दुसरं, त्या १०-बिट फाईली विंडोजवरच्या फुकट रिझॉल्व्हमध्ये (एडिटचं सॉफ्टवेअर) सरळ उघडत नाहीत. पैसे भरून त्याची स्टुडिओ आवृत्ती घ्या नाहीतर आधी फाईल बदलून घ्या. याचा लॅपटॉप कुठला?

मागाखालचा

८ जीबी रॅम. तोही पंख्यासारखा आवाज करतो.

रीळमास्तर

झालं. आठ बिटच घे. एस-लॉगच्या, म्हणजे रंग नंतर ओढायच्या फिकट प्रोफाईलच्या, नादाला लागू नकोस, आठ बिटांत लॉग घेऊन ओढलंस की आकाशात पायऱ्या दिसतात. साध्या प्रोफाईलवर, उजेड नीट मोजून, व्हाईट बॅलन्स हातानं लावून. झालं की.

पैसे लेन्सवर घाल. किटची लेन्स ५० एमएमला एफ ५.६ पर्यंत बंद होते. सिग्माची १८-५० एफ २.८ तिथंही २.८ राहते, म्हणजे चौपट उजेड. मागाच्या खोलीत, जिथं एक खिडकी आणि दोन ट्यूबा, तिथं हा फरक कॅमेरा बदलण्यापेक्षा मोठा. वजन तीनशे ग्रॅमच्या आत. खरं तिच्यात स्टॅबिलायझेशन नाही आणि कॅमेऱ्यातही नाही, तेव्हा आधी तो मान हलणारा ट्रायपॉड बदल. उन्हासाठी एक व्हेरिएबल एनडी, म्हणजे फिरवून उजेड कमी करायचा फिल्टर. तो टोकापर्यंत फिरवू नकोस, चित्रावर काळी फुली उमटते.

कार्डाचं सांगतो, कारण तिथं सगळे फसतात. सोनीचा ४के व्हिडिओ सेकंदाला १०० मेगाबिट, म्हणजे १२.५ मेगाबाईट. व्ही३० कार्ड सेकंदाला किमान ३० मेगाबाईट लिहितं, म्हणजे भरपूर झालं. ६४ जीबीत जवळजवळ ८५ मिनिटं. महागडं व्ही९० तुला कशाला?

अनगोळी_अण्णा

शंभर वर्षांपूर्वी बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात स्वतः कॅमेरा तयार केला. आणि आजची पोरं १०-बिट ८-बिट करत बसलीत.

कुंदाप्रेमी

अण्णा, त्यांच्याकडं लेथ होतं. याच्याकडं भिशी आहे.

शहापूरची

आवाजाबद्दल अजून कोणीच बोललं नाही, म्हणजे नेहमीप्रमाणं. दीड लाखातले किमान वीस हजार आवाजाला बाजूला काढ. दोन माणसांचा वायरलेस माईक, झाकणारे हेडफोन आणि एक छोटा रेकॉर्डर. माईक हनुवटीच्या खाली एक वीत, पदराच्या आत नाही, काठाला. पदर घासला की खरखर येते आणि ती कुठल्याही सॉफ्टवेअरनं नीट जात नाही. मुलाखत संपल्यावर सगळ्यांना गप्प बसवून त्या खोलीची नुसती शांतता अर्धा मिनिट घे. एडिटमध्ये वाक्यं जोडताना तीच ठिगळाला लागते.

मागाखालचा

शांतता? ताई, आमच्या गल्लीत? आमचा माग थांबवला तर शेजारचा चालू, त्याचा थांबवला तर पलीकडचा. त्या गल्लीत निम्मी घरं कन्नड बोलणारी, निम्मी मराठी, आणि मागासमोर सगळेच ओरडून बोलणारे.

शहापूरची

मग लाईट कधी जाते?

मागाखालचा

रोज. :) दुपारी कधीपण.

शहापूरची

तेव्हा मुलाखत घ्यायची! सगळे माग एकदम थांबतात, पंखा बंद, ट्यूब बंद म्हणजे पट्ट्याही नाहीत. आक्कांना खिडकीजवळ बसव, उजेड एका बाजूनं. कॅमेऱ्याला कुठं वीज लागते? बॅटऱ्या भरून तयार ठेव, एवढंच. आणि मागाचा आवाज वेगळा घे, लांबून, जवळून, आडवा धागा घेऊन धावणाऱ्या धोट्याच्या बाजूनं. रीलला विकतचं ढोलवालं संगीत कशाला? माग स्वतःच ताल धरतो. यूट्यूबवर हक्काचा दावाही येणार नाही.

मागाखालचा

हे डोक्यात आलंच नव्हतं. लहानपणापासून त्या आवाजात झोपलोय, त्यामुळं ऐकूच येत नाही तो.

जांबोटीकर

+१ ताईंना. लेन्स घेशील तर एक हवाबंद डबा, सिलिका जेलच्या पुड्या आणि छोटा आर्द्रतामापक घे. ४०-५० टक्क्यांच्या मध्ये काटा ठेव. आमच्या खानापूरच्या पश्चिमेला, कणकुंबीकडं जुलैत भिंतीला बुरशी येते तिथं काचेला यायला किती वेळ. माझी एक जुनी ५० एमएम आत कोळ्याचं जाळं विणल्यासारखी झाली. तांदळात ठेवायचा सल्ला कोणी देईल, बासमती असला तरी ठेवू नकोस, पीठ आत जातं.

वापरलेलं घेणार असलास तर बिल, सीरियल नंबर आणि स्वतः जाऊन अर्धा तास रेकॉर्डिंग. मी एका दुकानातून फोटो बघून बॉडी मागवली, एचडीएमआयचं भोक सैल निघालं. दुकानदार म्हणाला, "ते आधी नव्हतं."

सीमेवरचा_सोम्या

रीलच्या शेवटी गावाचं नाव काय लिहिणार? बेळगाव की बेळगावी? २०१४ पासून सरकारी कागदावर...

धागाराखण

सोम्या, त्यासाठी वेगळा धागा आहे आणि तो साडेआठशे प्रतिसादांवर आहे. इथं कॅमेरा. पुढचे तीन प्रतिसाद उडवलेत.

शहापूरची

प्रश्न राजकारणाचा सोडला तरी कामाचा आहे. पुण्यात आपल्याला "कर्नाटकातले" म्हणतात, बेंगळुरूत "मराठीवाले". ही अडचण म्हणून सांगू नकोस, रीलमध्ये दाखव. तुला दोन्ही भाषांत मुलाखत घेता येते का?

मागाखालचा

येते की. "ऊटा आतेन्री" (जेवलात का) पासून भांडणापर्यंत सगळं. गल्लीतच शिकलो.

शहापूरची

मग एक वाक्य मराठी, एक कन्नड, खाली सबटायटल. एकाच गल्लीतल्या दोन घरांतली. त्या ऑफिसला सीमाभागात फिल्म करायची वेळ आली तर दुभाष्या आणि कॅमेरावाला असे दोघे पाठवावे लागतात. तू एकटा पुरतोस, हे चार सेकंदांत कळेल. आणि लग्नाचं फुटेज वापरणार असलास तर स्टुडिओला आणि त्या घराला विचार, आणि "दुसरा कॅमेरा" असं स्पष्ट लिही. दुसऱ्याचा शॉट आपला म्हणून लावला की कधीतरी त्याच माणसासमोर बसायची पाळी येते.

लिंकसाठी विमिओ बघ. तिथं फाईल बदलली तरी लिंक तीच राहते. यूट्यूबवर नवी फाईल म्हणजे नवी लिंक.

रीळमास्तर

आणि नवा कॅमेरा येईपर्यंत थांबू नकोस. जुन्या डीएसएलआरवर २५ आणि १/५० लावून आक्काचा शॉट उद्या परत घे. फुल एचडी रीलला पुरते. त्या शॉटला जे कमी पडलं त्याची यादी कर आणि तेवढंच विकत घे.

*(तीन आठवड्यांनी)*

मागाखालचा

धागा वर काढतोय. हिशेब द्यायला आलो.

मास्तरांचं ऐकलं. आधी जुन्याच कॅमेऱ्यावर आठवडाभर शूट केलं. पट्ट्या गेल्या, एकही नाही. इतकी वर्षं सेन्सरला शिव्या घातल्या. कमी काय पडलं ते लिहून काढलं: उजेड, आवाज, ट्रायपॉड. कॅमेरा यादीत चौथा आला. शेवटी झेडव्ही-ई१० बॉडी, १८-५०, ट्रायपॉड, माईक असं घेतलं. थोडे पैसे उरले, ते आईला परत दिले. ती म्हणाली, "म्हणजे तुला पुरले नाहीत का?"

मुलाखत लाईट गेल्यावरच घेतली. चार दिवस बॅटऱ्या भरून बसलो तर लाईट जाईना! पाचव्या दिवशी दुपारी पावणेतीनला गेली. सगळी गल्ली एकदम गप्प. आक्का खिडकीत बसली आणि पंचवीस मिनिटं बोलली. शेजारचे अण्णा दारात उभे होते, ते कन्नडमध्ये मध्येच म्हणाले की हिच्या हातचा जोड कापडात सापडत नाही. तेच वाक्य घेतलं.

रील आता ८२ सेकंदांची आहे. पहिला शॉट आक्काचा धागा. मागाचा ठोका दर बारा फ्रेमला येतो, त्यावर कट मारलेत. मध्ये चित्ररथाचे सहा सेकंद. गॉगल शून्य. ढग एक, तोही खिडकीतून. शेवटी नाव, फोन, "मराठी, कन्नड, हिंदी". गावाचं नाव दोन्ही लिपींत लिहून मोकळा झालो. सोम्या, हलक्यानं घे.

पुण्याच्या त्या ऑफिसला पाठवली. अजून उत्तर नाही. एका दूध सोसायटीनं मात्र बोलावलंय, पैसे ठरायचे आहेत.

चिकोडी_एक्सप्रेस

बघितली. आठ बिट आहे हे कळलं नाही, कबूल.

रीळमास्तर

गाठ ओली करताना आवाज ठेवलास तो उत्तम. एकच शंका, ०:३१ चा शॉट. काहीतरी खटकतंय, काय ते सांगता येईना.

मागाखालचा

मास्तर, तुम्हाला नुसतं खटकलं, आक्कानं पकडलं. फोनवर दाखवली तर सगळं बघून म्हणाली, "हे माझं हात न्हवं. मी डाव्या हातानं कधी गाठ मारतो?" आधीच्या शॉटला नजर जुळावी म्हणून मी तो शॉट एडिटमध्ये आरशासारखा उलटा केला होता. कुणाला कळतंय म्हटलं. तिनं धोटापण दाखवला, चुकीच्या बाजूनं निघतोय म्हणाली.

शहापूरची

हाहा! चाळीस वर्षं माग चालवणाऱ्या बाईला फसवायला गेलास. विमिओवर आहे ना? फाईल बदल, लिंक तीच राहील. पुण्यात कोणी उघडायच्या आत.

मागाखालचा

बदललीय टाइमलाईनवर. एक्सपोर्टला लावली होती, ६४ टक्क्यांवर लाईट गेली. लॅपटॉपची बॅटरी कधीच मेलीय.

कुंदाप्रेमी

मग बसलायस कशाला, मुलाखत घे कुणाची तरी.